अंगळ: ‘विमोचना’ची वाटचाल आणि धावणारे बेंगळुरू

‘विमोचना’ ही बेंगळुरूतील स्त्री-हक्कांची संघटना १९७९ साली सुरू झाली. विमोचन म्हणजे सोडवणूक. शहरात १९७५ पासून ‘सेंटर फॉर इन्फॉर्मल एज्युकेशन अँड डेव्हलपमेंट स्टडीज’, म्हणजेच ‘सीड्स’, हा गट काम करत होता. विमोचना त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली. दोन्हींच्या उभारणीत कोरिन कुमार यांचा पुढाकार होता. पुढे डोना फर्नांडिस, मधू भूषण, सेलिन सुगुणा ही नावे संघटनेशी कायमची जोडली गेली. घरात मार खाणाऱ्या, हुंड्यासाठी छळ सोसणाऱ्या, भरल्या घरातून बाहेर काढल्या गेलेल्या बायकांच्या बाजूने उभे राहणे हे तिचे पहिल्यापासूनचे काम. तिच्या मदत केंद्राचे नाव ‘अंगळ’. कन्नडमध्ये अंगळ म्हणजे अंगण. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, आणि नाव ठेवणाऱ्यांना काय म्हणायचे होते तेही सांगावे लागत नाही. घराच्या चार भिंतींत जे घडते ते उजेडात, चारचौघींसमोर बोलता येईल अशी जागा म्हणजे अंगण.

१९७९ हे साल देशभरातच महत्त्वाचे होते. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि पुढच्याच वर्षी गावोगावी मोर्चे निघाले. दिल्लीत त्याच सुमारास हुंडाबळींविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. पुण्यात १९८२ मध्ये विवाहित तरुणींच्या मृत्यूंनी शहर हादरले. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने मृतांतल्या एकीच्या नावाचे ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन महाराष्ट्रभर नेले आणि पुढे ‘बोलते व्हा’ हे केंद्र सुरू केले. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. विमोचना या पिढीची संस्था. अंगण, बोलते व्हा, पोलीस आयुक्तालयातला कक्ष: तिन्ही ठिकाणी गरज एकच ओळखली गेली होती. बाईला प्रथम ऐकणारे माणूस हवे असते. वकील आणि कायदा त्यानंतर.

अशा केंद्रावर येणारी बाई फारशी तयारी करून आलेली नसते. हातात एखादी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात मुलाचे दोन कपडे, रेशनकार्डाची झेरॉक्स. दागिने सासरी, शाळेचे दाखले सासरी, आधारकार्ड बहुधा नवऱ्याच्या कपाटात. ती सांगायला लागते तेव्हा सुरुवात मारहाणीपासून करत नाही. लग्नापासून करते, कधी माहेरच्या परिस्थितीपासून. ऐकणाऱ्या कार्यकर्तीला तास दीड तास काहीही न विचारता ऐकावे लागते. मग एकेक गोष्ट पुढे येते. आज रात्री कुठे राहायचे, मूल कोणाकडे आहे, डॉक्टरला दाखवले का, पोलिसांत जायचे आहे की फक्त नवऱ्याला बोलावून समज द्यायची आहे. पुष्कळ बायकांना खटला नको असतो, मार थांबायला हवा असतो. हे समजून घेण्यात घाई केली की बाई पुन्हा येत नाही, हा या क्षेत्रातल्या सगळ्यांचाच अनुभव आहे. त्यामुळे समुपदेशन हा या कामाचा कणा झाला. नवरा, सासू, दीर यांना बोलावून केलेल्या बैठका, लेखी कबुली, महिन्याभराने पुन्हा विचारपूस, हे सगळे त्यात आले. कमावत्या बायकांचेही यापेक्षा वेगळे नसते. बेंगळुरूत लाखो बायका तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करतात. पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता या भागांत पहाटे डबे भरून निघणाऱ्या या बायकांच्या हातात स्वतःचा पगार असतो, पण तो कोणाच्या खिशात जातो हा प्रश्न वेगळाच राहतो.

१९९० च्या दशकात विमोचनाने हाती घेतलेले काम तिच्या इतिहासातले सर्वांत जड. बेंगळुरूत तरुण विवाहित बायका मरत होत्या आणि कागदावर त्या मृत्यूंची कारणे ठरावीक होती: स्वयंपाकघरातला अपघात, स्टोव्हचा भडका, आत्महत्या. कार्यकर्त्यांनी पोलिसांच्या नोंदी तपासायला घेतल्या. १९९७ या एका वर्षात शहरात स्त्रियांच्या १,१३३ अनैसर्गिक मृत्यूंची नोंद झाली होती. त्यांतले खून म्हणून हाताळले गेलेले केवळ १५७. उरलेल्यांपैकी ५४६ आत्महत्यांच्या रकान्यात आणि ४३० अपघातांच्या रकान्यात टाकून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खालच्या चौकशीनंतर बहुतेकांच्या फायली बंद होत होत्या. एका शहरात, एका वर्षात चारशे तीस बायका अपघाताने मरतात आणि कोणाला आश्चर्य वाटत नाही, हे विमोचनाला मान्य झाले नाही.

पंप मारायच्या रॉकेलच्या स्टोव्हला या कहाणीत मोठे स्थान आहे. पितळी टाकी, वर बर्नर, पिनेने साफ करायचे भोक, जास्त पंप मारला की उसळणारी ज्वाळा. साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या प्रत्येकाने तो पाहिला आहे. स्टोव्ह भडकतो हे खरेच. पण तो नेहमी सुनेच्याच अंगावर कसा भडकतो, सासूच्या किंवा नवऱ्याच्या का नाही, असा साधा प्रश्न त्या काळात देशभरच्या कार्यकर्त्या विचारत होत्या. स्टोव्हचा भडका बहुधा पुढून, हातांना आणि छातीला भाजतो. रॉकेल अंगावर ओतले गेले असेल तर भाजण्याची खूण डोक्यापासून पाठीपर्यंत दिसते, केसांना वास येतो. पंचनाम्यात स्टोव्हची टाकी फुटली आहे की शाबूत आहे, याची नोंद करायला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते. तरीही तपास तिथपर्यंत पोहोचत नसे.

कृष्णराजेंद्र मार्केटजवळचे व्हिक्टोरिया रुग्णालय हे बेंगळुरूचे जुने सरकारी रुग्णालय. भाजलेल्या रुग्णांचा वॉर्ड इथेच. विमोचनाच्या कार्यकर्त्या या वॉर्डात जाऊ लागल्या. साठ-सत्तर टक्के भाजलेली बाई शुद्धीवर असते, बोलते, पाणी मागते. तिचा मृत्यूपूर्व जबाब कायद्याने पुरावा म्हणून ग्राह्य असतो, आणि तो घेतला जातो तेव्हा खाटेभोवती उभी असतात ती बहुतेकदा सासरचीच माणसे. औषधांचा खर्च तेच करत असतात, मूलही त्यांच्याच घरी असते. ‘स्टोव्ह उडाला’ हे वाक्य बाई अशा वेळी का म्हणते, ते वॉर्डात काही दिवस काढलेल्या माणसाला कळते. कार्यकर्त्या तिच्या उशाशी बसत, माहेरी निरोप धाडत, जबाब पुन्हा नोंदवून घ्यायची विनंती करत. त्यातल्या अनेक बायका वाचत नसत. हे काम करणाऱ्यांच्या मनावर त्याचे काय ओझे पडत असेल, याचा हिशेब कोणत्याही वार्षिक अहवालात मांडला जात नाही.

रस्त्यावरचे कामही त्याच काळातले. जेरुसलेममध्ये १९८८ मध्ये सुरू झालेली ‘विमेन इन ब्लॅक’ ही पद्धत विमोचनाने बेंगळुरूत रुजवली. काळे कपडे, हातात फलक, चौकात ठरावीक वेळ नि:शब्द उभे राहणे. घोषणा नाही, भाषण नाही. सीड्सच्या वर्तुळातून ‘स्त्रीलेखा’ हे स्त्रियांच्या पुस्तकांचे दुकानही उभे राहिले. कोरिन कुमार यांच्या पुढाकाराने ‘स्त्रियांची न्यायालये’ ही कल्पना अनेक देशांत गेली. या न्यायालयांत शिक्षा सुनावली जात नसे. ज्यांच्यावर बेतले त्या स्वतः साक्ष देत आणि ऐकणारे ती नोंदवून घेत. २६ ते २९ जुलै २००९ या चार दिवसांत हुंडा आणि त्याच्याशी जोडलेल्या हिंसेवरील भारतीय न्यायालय ‘डॉटर्स ऑफ फायर’ या नावाने बेंगळुरूत भरले. त्याच्या दहा-बारा वर्षे आधी वॉर्डात ऐकलेले बोल तिथे मंचावरून, हजारोंच्या समोर बोलले गेले.

कायदा या सगळ्याच्या मागून येत गेला. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळाचे कलम ४९८-अ १९८३ मध्ये आले आणि हुंडाबळीचे कलम ३०४-ब १९८६ मध्ये. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले तर आरोपीविरुद्ध गृहीतक धरण्याची तरतूद याच काळातली. हे दोन्ही गुन्हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे कलम ८५ आणि ८० खाली येतात. परंतु रोजच्या उपयोगाचा कायदा ठरला तो कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्याचा मोठा गुण असा की बाईला नवऱ्याला तुरुंगात घालायचे नसले तरी तिला त्याचा आधार घेता येतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतो. दंडाधिकारी नवऱ्याला मारहाण न करण्याचा आदेश देतात, घरात राहण्याचा तिचा हक्क मान्य करतात, पोटगी आणि मुलांचा ताबा यांविषयी तात्पुरता निर्णय देतात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला नुसते हाकलून देता येत नाही. अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. न्यायालयांत हेलपाटे घालणाऱ्या बायकांना विचारले तर ‘शक्यतो’ या शब्दाचे वजन कळते.

शासनानेही हळूहळू दारे उघडली. कर्नाटकात संकटातील स्त्रियांसाठी ‘सांत्वन’ केंद्रे निघाली. बेंगळुरू पोलिसांनी ‘वनिता सहायवाणी’ ही मदतवाहिनी सुरू केली. केंद्र सरकारच्या योजनेतील एकछत्री मदत केंद्रे २०१५ पासून देशभर आली. कर्नाटकातील सरकारी रुग्णालयांत पीडित स्त्रियांना उपचार, पोलीस आणि वकील एकाच ठिकाणी मिळावेत यासाठी जी केंद्रे आहेत, त्यांना ‘गेळती’ असे नाव आहे. गेळती म्हणजे मैत्रीण. सरकारी योजनेला इतके नेमके नाव क्वचितच मिळते.

नेमके, कारण घरातली हिंसा सुरू होते ती मैत्रिणी तोडण्यापासून. पहिली थप्पड बसण्याच्या कितीतरी आधी फोन तपासला जातो. कॉलेजातली मैत्रीण ‘बरी नाही’ ठरते, बहिणीकडे जाणे कमी होते, शेजारणीशी बोलले की चौकशी होते. मार पडायला लागतो तेव्हा सांगायला कोणी उरलेले नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत कर्नाटकातील १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशात हे प्रमाण २९ टक्के, महाराष्ट्रात २५ टक्के. २०१५-१६ च्या फेरीत कर्नाटकाचा आकडा २१ टक्क्यांच्या आसपास होता. चार-पाच वर्षांत तो दुपटीवर गेला. याचा काही भाग आता बायका अधिक मोकळेपणाने सांगू लागल्याचा असू शकतो, पण तसे मानले तरी आधी न सांगितलेले किती होते हाच प्रश्न उरतो. त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे, आणि तो जास्त अस्वस्थ करणारा आहे. हिंसा सोसलेल्या देशभरातील स्त्रियांपैकी मदत मागितलेल्या केवळ १४ टक्के. चारांतल्या तिघींहून अधिक जणींनी कोणाला सांगितलेसुद्धा नाही. २०२० च्या टाळेबंदीत मारणारा आणि मार खाणारी एकाच खोलीत अडकली तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिलमध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक द्यावा लागला, कारण अनेकींना फोनवर बोलणेही शक्य नव्हते.

अशा संस्थांचा खर्च कशाकशावर होतो, हे फार कमी लोक विचारतात. निवारागृहाचे भाडे आणि धान्य हे दिसणारे खर्च. न दिसणारे अनेक असतात: तालुक्याच्या न्यायालयात तारखेला जायचे बसभाडे, कागदांच्या सत्यप्रती, नोटरी, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, तुटलेल्या दातांचा इलाज, रात्रपाळीला थांबणाऱ्या कार्यकर्तीचा पगार. आणि बेंगळुरूत सर्वांत मोठा खर्च म्हणजे घराचा ‘अ‍ॅडव्हान्स’. या शहरात भाड्याने खोली घेताना दहा-दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आगाऊ देण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे. आठ हजारांची खोली घ्यायची तर ऐंशी हजार हातात हवेत. शिवणकाम करणाऱ्या बाईकडे ते नसतात. नवऱ्याचे घर सोडायचे तिने ठरवलेले असते, न्यायालयाचा आदेशही हातात असतो, आणि तरी अनामतीपायी ती परत जाते. निवारागृहातून स्वतःच्या खोलीत जाण्याचा हा टप्पा ओलांडता आला नाही तर आधीच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडते.

सरकारी अनुदान या कामाला पुरत नाही, आणि ते मुख्यतः ठरलेल्या शीर्षकांखालीच खर्च करता येते. परदेशी देणग्यांचा मार्ग २०२० च्या परकीय योगदान कायद्यातील दुरुस्तीनंतर आणखी अरुंद झाला. त्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. ज्या कामात माणसाचा वेळ हाच मुख्य खर्च असतो, तिथे ही मर्यादा जाचते. म्हणून शहरातल्या सामान्य लोकांकडून येणारी, अटी न घालणारी, थोडी थोडी रक्कम मोलाची ठरते. बेंगळुरूत ती गोळा होण्याचा एक मार्ग गेल्या दीड दशकात तयार झाला, तो धावण्याचा.

धावून पैसे उभे करण्याची रीत बाहेरची. लंडन मॅरेथॉन १९८१ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच धर्मादाय देणग्यांचे ते मोठे व्यासपीठ झाले. मित्रांनी संघ करून धावण्याची घडी मात्र १९८८ मध्ये न्यूयॉर्कला बसली. ब्रूस क्लेलँड या गृहस्थांच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यांनी ३८ जणांचा संघ जमवला, तो न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये धावला आणि त्या संघाने कर्करोग संशोधनासाठी ३,२२,००० डॉलर उभे केले. त्यातून ‘टीम इन ट्रेनिंग’ हा उपक्रम जन्माला आला. भारतात मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिल्यांदा झाली, आणि तिने हजारो मुंबईकरांना ‘कोणासाठी धावता?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. त्याच आयोजकांनी १८ मे २००८ रोजी बेंगळुरूत ‘वर्ल्ड टेन-के’ सुरू केली. देणग्यांची बाजू ‘इंडिया केअर्स फाउंडेशन’ने सांभाळली आणि शहरातल्या छोट्या-मोठ्या स्वयंसेवी संस्थांना एका दिवसात हजारो लोकांसमोर उभे राहण्याची जागा मिळाली.

बेंगळुरू धावायला अनुकूल शहर. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर, पहाटेची हवा मे महिन्यातही सुसह्य. कब्बन पार्क, लालबाग, कंठीरव स्टेडियम, हलसूर तलाव. कार्यालयात चार-सहा जण जेवायला एकत्र बसतात, त्यातली एखादी रविवारी कब्बन पार्कात धावायला लागते, ती दुसरीला ओढते आणि संघ तयार होतो. मराठी माणसे आता बेंगळुरूच्या संगणकाच्या कंपन्यांत पुष्कळ आहेत. अशा संघांत त्यांचाही भरणा असतो. मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या, फक्त स्त्रियांच्या ‘पिंकेथॉन’मुळे साडीतल्या, सलवार-कमीजातल्या, पहिल्यांदाच बूट घातलेल्या बायका रस्त्यावर आल्या. सोमण यांच्या आई उषा सोमण साडीत अनवाणी धावल्या, तेव्हा ‘या वयात?’ हा प्रश्न अनेक घरांत बंद झाला.

संघाचे काम स्पर्धेच्या दिवसाच्या दोन-तीन महिने आधी सुरू होते. आठ-दहा मैत्रिणी एक संस्था निवडतात. ती आयकर कायद्याखाली नोंदलेली आहे का, तिचे हिशेब तपासलेले आहेत का, निवारागृहात रात्री माणूस असते का, ही चौकशी आधीच करावी लागते. पुष्कळांचा असा समज असतो की स्पर्धेचे प्रवेश शुल्क भरले की देणगी झाली. तसे नाही. प्रवेश शुल्क आयोजनाचे. देणगी वेगळी जमवावी लागते. मग प्रत्येक जण आपले नातेवाईक, सहकारी, सोसायटीतले शेजारी यांच्याकडे जाते. आत्याकडून एक हजार, बॉसकडून पाच हजार, दुधवाल्याने स्वतःहून दिलेले शंभर. देणगीवरची आयकर सवलत जुन्या करपद्धतीत मिळते, पण दोन हजारांहून अधिक रोख दिल्यास नाही. संस्थेने दिलेले देणगीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे लागते. हे तपशील सांगताना कंटाळवाणे वाटतात, पण दाता पुढच्या वर्षी पुन्हा देतो तो याच चोखपणामुळे.

सर्वांत नाजूक भाग आवाहन लिहिण्याचा. अनाथ मुलांसाठी पैसे मागताना लोक मुलांचे फोटो लावतात. इथे तसे करता येत नाही. निवारागृहातल्या बाईचे नाव, चेहरा, गाव, मुलाची शाळा, काहीही बाहेर जाता कामा नये. निवारागृहाचा पत्तासुद्धा नाही. शोधत येणारा नवरा हा तिथे रोजचा धोका असतो. ‘पीडितेला भेटू द्या, म्हणजे दात्यांना सांगता येईल’ अशी मागणी उत्साही संघाकडून होते आणि संस्थेला ती नाकारावी लागते. जे चांगले संघ आहेत ते बाईची गोष्ट सांगत नाहीत. अनामतीची गोष्ट सांगतात, बसभाड्याची सांगतात, रात्रपाळीच्या पगाराची सांगतात. टी-शर्टच्या पाठीवर घोषवाक्याऐवजी मदतीचा दूरध्वनी क्रमांक छापणारा संघ जास्त काम करून जातो, कारण धावणाऱ्याच्या पाठीमागे तासभर धावणाऱ्या अनोळखी बाईच्या तो डोळ्यांसमोर राहतो आणि पाठ होतो.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे साडेचारलाच शहर जागे झालेले असते. छातीवर क्रमांकाचा कागद चार टाचण्यांनी अडकवायचा. टाचण्यांपैकी एक नेहमीच हरवते आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडून मिळते. हौशी लोकांच्या साडेपाच-सहा किलोमीटरच्या धावेचे नाव ‘मज्जा रन’. तिथे ढोल असतात, वेषभूषा असतात, लहान मुले खांद्यावर असतात. दहा किलोमीटर धावणारे आधी सुटतात. कोणी तासात पोहोचते, कोणी पावणेदोन तासांत चालत. घरगुती हिंसेविरुद्धचा फलक घेऊन जाणाऱ्या संघाकडे पाहून रस्त्याकडेच्या गर्दीतले काही जण टाळ्या वाजवतात, काही नजर वळवतात. कधी एखादी बाई कठड्याशी येऊन, इकडे तिकडे पाहत, फक्त तो क्रमांक विचारते. मज्जा हा शब्द आणि हा विषय एकत्र येतो याचे काहींना वावडे वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही. ज्या बाईला घराबाहेर पडायला, मैत्रिणींना भेटायला, मोठ्याने हसायला मनाई आहे तिच्यासाठी दहा मैत्रिणींनी उजाडता उजाडता भर रस्त्यावर धावावे, यापेक्षा विषयाला धरून दुसरे काय असणार?

एका संघाने उभी केलेली रक्कम बहुधा काही लाखांच्या आतच राहते. संस्थेच्या वर्षाच्या खर्चापुढे ती थोडी. पण ती अटींशिवाय येते, आणि तिच्यातून चार-पाच बायकांच्या खोल्यांच्या अनामती भरता येतात. खोली सोडताना घरमालक अनामत परत करतो, तेव्हा तोच पैसा पुढच्या बाईच्या कामी येऊ शकतो. दुसरा लाभ रकमेत मोजता येत नाही. संघातल्या एखादीलाच पुढे आपल्या इमारतीत, आपल्या नात्यात, कधी आपल्याच घरात काय चालले आहे ते दिसू लागते, आणि दर आठवड्याला भेटणाऱ्या मैत्रिणींपाशी ते बोलता येते. त्या अर्थाने असा संघसुद्धा एक लहानसे अंगण होतो.

विमोचना आज चाळीस वर्षांहून अधिक काळ काम करत आहे. पंपाचा स्टोव्ह जवळजवळ गेला, गॅस घरोघरी पोहोचला, पण केंद्रावर येणाऱ्या बायका आणि त्यांच्या हातातली पिशवी बदललेली नाही. बेंगळुरूत आणि भारतात जवळजवळ सगळीकडे, घरात मार खाणाऱ्या स्त्रीला अथवा तिच्यासाठी फोन करणाऱ्या शेजाऱ्याला १८१ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मदत मागता येते; जीवाला तातडीचा धोका असेल तर ११२.